एका सिस्टरमागे किती खाटा?

रुग्णालयात चार दिवस काढलेल्या कोणालाही विचारा, तिथे सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द कोणता? तो शब्द असतो ‘सिस्टर’. ‘सिस्टर, सलाईन संपत आलंय.’ ‘सिस्टर, यांना थंडी वाजतेय.’ ‘अहो सिस्टर, जरा येता का?’ डॉक्टर सकाळी राउंडला येतात, संध्याकाळी पुन्हा एकदा डोकावून जातात. उरलेला सारा दिवस आणि अख्खी रात्र रुग्ण असतो तो सिस्टरच्या हवाली. आणि सिस्टर असते वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कोणाच्या तरी खाटेपाशी.

मग आपणच उठतो. सलाईनचे चाक फिरवून ते बंद करतो. लघवीची पिशवी भरली की मावशींना शोधतो, त्या सापडल्या नाहीत तर स्वतःच ती रिकामी करतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांबरोबर कोणी नसेल तर त्यांनाही पाणी पाजतो. आपल्याकडच्या रुग्णालयांचा, विशेषतः सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांचा गाडा या न शिकलेल्या, बिनपगारी परिचारकांवर चालतो. घरातली एक सून, एक मुलगी किंवा एक बहीण रजा टाकून खाटेखाली चटई पसरते, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. ‘आपलं माणूस आहे, आपण नाही करायचं तर कोणी?’ असे आपण म्हणतो. म्हणणे मायेचेच आहे. पण त्या मायेच्या पांघरुणाखाली एक हिशेब लपलेला असतो, तो कोणी मांडत नाही.

तो हिशेब असा: या वॉर्डात, या पाळीला, एका सिस्टरमागे किती खाटा?

आजारी माणसाला दाखल करताना आपण सगळे विचारतो. खोलीचा दर विचारतो, मेडिक्लेम चालतो का ते विचारतो, डॉक्टरांच्या नावापुढच्या पदव्या वाचतो, कॅन्टीन कोठे आहे याचीही चौकशी करतो. हा एक प्रश्न मात्र विचारत नाही. जगात काही ठिकाणी तो विचारला गेला. विचारणाऱ्या होत्या परिचारिका आणि त्यांच्या संघटना. त्यांनी नुसता विचारला नाही, तर त्याचे उत्तर कायद्यात लिहून घेतले.

पाहणे हेच काम

सिस्टर नेमके काय करते? इंजेक्शन देते, गोळ्या देते, ड्रेसिंग करते, चादर बदलते, ताप मोजून तक्त्यावर लिहिते. ही दिसणारी कामे. तिचे खरे काम यांच्या आडून चाललेले असते. ते म्हणजे पाहणे.

माणूस रुग्णालयात एकाएकी दगावला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते एकाएकी नसते. आधी काही तास शरीर खुणा करीत असते. श्वास किंचित जलद होतो, नाडी वाढते, लघवी कमी होते, माणूस जरा असंबद्ध बोलू लागतो, कपाळ गार लागते. नातेवाइकाला वाटते, दमलेत, झोपू द्या. शिकलेल्या नर्सला मात्र शंका येते. ती रक्तदाब पाहते, डॉक्टरांना फोन करते, आणि पहाटे कोसळणारा माणूस मध्यरात्रीच अतिदक्षता विभागात पोचतो. याची नोंद कोणत्याही डिस्चार्ज कार्डावर होत नाही. जे घडले नाही त्याची नोंद करणार तरी कशी?

पण पाहायचे तर खाटेपाशी यावे लागते, आणि खाटेपाशी येणे हा साध्या भागाकाराचा प्रश्न आहे. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. चाळीस रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. त्यातच औषधे, इंजेक्शने, सलाईन, केसपेपर, नवा दाखल झालेला रुग्ण, रक्ताच्या बाटलीसाठी रक्तपेढीला फोन, एखाद्या नातेवाइकाचे भांडण आणि सिस्टरचे स्वतःचे दोन घास. पाहायला उरले किती? तेच पाच रुग्ण असतील तर प्रत्येकामागे ९६ मिनिटे येतात. बाई तीच, शिक्षण तेच, सेवाभावही तोच. फरक फक्त भाजकाचा.

माझे सारे आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे मला येथे तिजोरीची आठवण होते. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एक किल्लीवाला आजारी पडला तर तो किल्ली शिपायाच्या हाती पाठवून देत नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावे रीतसर नोंद करून ती सोपवली जाते. ‘आमचा कॅशियर फार प्रामाणिक आहे, त्याला एकट्यालाच सांभाळू द्या’ असे कोणी म्हणत नाही, आणि कॅशियरलाही त्यात अपमान वाटत नाही. माणूस चांगला असला तरी व्यवस्था त्याच्या चांगुलपणावर सोडायची नसते, हे पैशांच्या बाबतीत आपल्याला पुरते कळलेले आहे. वॉर्डातल्या चाळीस जिवांच्या बाबतीत मात्र ‘आमच्या सिस्टर फार सेवाभावी आहेत’ एवढ्यावर आपले समाधान होते.

कॅलिफोर्नियातील आकडा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९० च्या दशकात रुग्णालयांवर खर्च कपातीचे वारे आले. विमा कंपन्या पैसे मोजून देऊ लागल्या आणि रुग्णालये माणसे कमी करू लागली. नोंदणीकृत नर्सच्या जागी अल्प प्रशिक्षण घेतलेले मदतनीस आणण्याचा प्रघात वाढला. ‘कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन’ या संघटनेने त्याविरुद्ध आघाडी उघडली. तिची मागणी पगारवाढीच्या पलीकडची होती: एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे राज्याने कायद्याने ठरवावे. १९९९ साली तसा कायदा झाला, गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यावर सही केली, आणि १ जानेवारी २००४ पासून प्रत्यक्ष आकडे लागू झाले. अशा प्रकारे सर्व तीव्र उपचारांच्या रुग्णालयांना आकडा घालून देणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य.

आकडे पाहण्यासारखे आहेत. अतिदक्षता विभागात एका नर्समागे जास्तीत जास्त दोन रुग्ण. शस्त्रक्रियागृहात एकास एक. लहान मुलांच्या वॉर्डात चार. तातडीच्या विभागात चार. सर्वसाधारण वॉर्डात आरंभी सहा आणि २००५ पासून पाच. त्याला आणखी एक अट जोडलेली: हे प्रमाण प्रत्येक क्षणी पाळले गेले पाहिजे. म्हणजे नर्स जेवायला गेली तर तिचे पाच रुग्ण शेजारणीच्या पाचांत मिसळून दहा करायचे नाहीत. तिच्या जागी बदली नर्स उभी करायची. रुग्णालयचालकांच्या संघटनेला ही अट जाचक वाटली. ती न्यायालयात गेली आणि हरली. बँकेत वावरलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. जेवणाच्या सुट्टीत कॅशचा पिंजरा कोणी उघडा टाकून जात नाही.

खरी लढाई पुढे झाली. सिनेमाच्या पडद्यावरचे बलदंड नायक अर्नोल्ड श्वार्झनेगर तोवर राज्याचे गव्हर्नर झाले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांच्या प्रशासनाने तातडीचा आदेश काढून सहावरून पाचावर येण्याचा टप्पा लांबणीवर टाकला. परिचारिकांनी निषेध केला तेव्हा एका महिला परिषदेत गव्हर्नरांनी त्यांना ‘हितसंबंधी गट’ म्हणून हिणवले. तेवढे पुरे झाले. त्यानंतर वर्षभर गव्हर्नर जेथे जातील तेथे, निधी जमवण्याच्या मेजवानीपासून चित्रपटाच्या कार्यक्रमापर्यंत, परिचारिका फलक घेऊन दाराशी उभ्या. संघटना न्यायालयातही गेली. २००५ मध्ये न्यायालयाने गव्हर्नरांच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात श्वार्झनेगर यांनी जनमतासाठी मांडलेले प्रस्ताव मतदारांनी फेटाळले, आणि मग सरकारने अपिलाचा नाद सोडला. एकास पाच हा आकडा कायम राहिला, तो आजही आहे.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची कहाणी थोडी निराळी. तेथे परिचारिकांच्या संघटनेने २००० साली औद्योगिक लवादापुढे हे प्रमाण करारात मिळवले. मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डात दिवसा चार रुग्णांमागे एक नर्स आणि वर देखरेखीला एक प्रमुख. करार मात्र दर काही वर्षांनी नवा करावा लागतो आणि सरकारे बदलली की हात आखडता घेतला जातो. म्हणून संघटना मागे लागली आणि २०१५ मध्ये त्या प्रमाणाचा स्वतंत्र कायदा झाला.

आमच्या बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनाही काही लेच्यापेच्या नव्हत्या. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून त्यांनी पगार, भत्ते, बढत्या यांत पुष्कळ मिळवले, आणि त्याचा लाभ माझ्यासह साऱ्यांना झाला. पण माझ्या पाहण्यातल्या करारांत काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या ग्राहकाची रांग किती लांब असावी, हे कलम कधी आले नाही. परिचारिकांच्या या मागणीचे वेगळेपण येथे आहे. तिचा लाभार्थी काउंटरच्या पलीकडे, किंबहुना खाटेवर आडवा पडलेला असतो. आपल्यासाठी कोणीतरी भांडते आहे याचा त्याला पत्ताही नसतो.

सात टक्के

परिचारिका म्हणणारच की नर्स जास्त हव्यात. पण त्याने खरोखर फरक पडतो का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यात पेनसिल्वेनिया विद्यापीठातील लिंडा एकन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठे काम केले आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पेनसिल्वेनियातील १६८ रुग्णालये, दहा हजारांहून अधिक नर्स आणि शस्त्रक्रिया झालेले सुमारे २ लाख ३२ हजार रुग्ण यांची माहिती एकत्र मांडली होती. निष्कर्ष असा निघाला की, नर्समागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्णाचा मृत्यू ओढवण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. चाराऐवजी आठ रुग्ण झाले की ती ३१ टक्क्यांवर जाते. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा आणि सव्वाचार लाख रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथेही आकडा आला सातच टक्के. भाषा वेगळी, देश वेगळे, रुग्णालयांची व्यवस्था वेगळी. सात टक्के मात्र तेच.

असे अभ्यास प्रयोगशाळेतले नसतात. जेथे नर्स जास्त तेथे इतरही गोष्टी बऱ्या असू शकतात, हा आक्षेप घेता येतो आणि संशोधक तो जमेस धरूनच हिशेब करतात. एकन यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्नियाची तुलना न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनियाशी केली. त्या दोन राज्यांत कॅलिफोर्नियाएवढ्या नर्स असत्या तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू न्यू जर्सीत सुमारे १४ टक्क्यांनी आणि पेनसिल्वेनियात सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्यांचा अंदाज निघाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याचा आकडा ताठर असतो. एक रुग्ण सहज सांभाळता येतो, तर दुसरा तिघांचे काम मागतो. खर्च वाढतो, आणि लहान गावातल्या रुग्णालयाला तो पेलेलच असे नाही. नर्सची संख्या राखण्यासाठी मदतनीस आणि सफाई कामगार कमी करायचे, म्हणजे त्यांची कामे पुन्हा नर्सच्याच गळ्यात, अशा तक्रारी कॅलिफोर्नियातही झाल्या. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात असाच कायदा मतदारांपुढे कौलासाठी ठेवला गेला आणि मतदारांनी तो मोठ्या बहुमताने नाकारला. खुद्द परिचारिकांमध्येही तेथे दोन मते होती. तेव्हा एकास पाच हा काही वेदातला मंत्र नाही. पण आकडा कोणता असावा यावर वाद घालणे वेगळे, आणि आकडाच नसणे वेगळे.

आपला कागद आणि आपली रात्र

आपल्याकडे कागदाची कमतरता कधीच नसते. परिचारिकांची ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’ १९०८ पासूनची आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये परिचारिकांच्या स्थितीवर अहवाल दिला. परिषदेचे निकषही आहेत: शिकवण्याच्या रुग्णालयांत, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि रजेची सोय म्हणून वर तीस टक्के. वाचणाऱ्याला वाटावे, आपण कॅलिफोर्नियाच्याही पुढे आहोत.

आता हाच निकष घेऊन आपण हिशेब मांडू. समजा, साठ खाटांचा वॉर्ड आहे. तीनास एक म्हणजे वीस नर्स, अधिक रजेसाठी सहा, अशा सव्वीस. पण वॉर्ड चोवीस तास चालतो आणि बाई आठच तास काम करते. तेव्हा हे वीस तीन पाळ्यांत वाटले की एका पाळीला साडेसहा येतात. कागदावरचे तीनास एक येथेच नवास एक झाले. आता समजा, सव्वीसपैकी एक तृतीयांश पदे भरलेलीच नाहीत. उरल्या सतरा. त्यातून रोजच्या साप्ताहिक सुट्टीवर दोघी-तिघी, एखादी बाळंतपणाच्या रजेवर, एखादी आजारी. प्रत्यक्ष कामावर बारा. सकाळी राउंड, ऑपरेशनची तयारी, कामाची धांदल, म्हणून सकाळी सहा, दुपारी चार आणि रात्रीला दोन. आणि खाटा साठ असल्या तरी रुग्ण साठ नसतात. जमिनीवर गाद्या टाकून ऐंशी झालेले असतात. ऐंशी भागिले दोन. निकष होता तीनचा, रात्री बारा वाजता झाले चाळीस. कोणी कायदा मोडला नाही, कोणी चोरी केली नाही. आकडा पायरी पायरीने घसरत गेला, इतकेच.

हा माझा कागदी वॉर्ड आहे. खऱ्या वॉर्डांच्या बातम्या आपण विसरलेलो नाही. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि औषधांच्या पुरवठ्याबरोबर रिक्त पदांचा प्रश्नही चव्हाट्यावर आला. त्याआधी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळे गेली. पुढे महिनाभराने गुन्हा दाखल झाला तो त्या रात्रीच्या दोन परिचारिकांवर. चौकशी व्हावी, दोष असेल तर शिक्षाही व्हावी. बाळे गमावलेल्या आयांसमोर दुसरे काय बोलणार? पण शेवटच्या किल्लीवाल्याला पकडून तिजोरीचा हिशेब पुरा होत नाही, हे कोणताही लेखापरीक्षक सांगेल. किती बाळांमागे किती परिचारिका नेमल्या होत्या, त्या कायम होत्या की कंत्राटी, आग लागल्यावर काय करायचे याचा सराव त्यांना कोणी दिला होता का, हे प्रश्न वरच्या टेबलांपर्यंत जातात. नेमके तेथे फाइल जड होते.

महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने मे २०२२ च्या अखेरीस बेमुदत संप पुकारला, तेव्हा मुख्य विरोध होता तो परिचारिकांची पदे बाहेरच्या ठेकेदारामार्फत भरण्याला. वर्तमानपत्रांतले मथळे होते ते रुग्णांच्या हालांचे. हाल झाले हे खरे. पण आज एका वॉर्डात, उद्या दुसऱ्या, आणि करार संपला की घरी, अशी नर्स त्या वॉर्डाची होईल कशी? कोणत्या आजीला कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणत्या बाळाचे वजन कालपासून वाढले नाही, हे तिच्या ध्यानात राहायचे तर ती तेथे टिकली पाहिजे. भरती कशी होते हाही सिस्टरमागच्या खाटांचाच प्रश्न आहे.

खासगी क्षेत्राची तऱ्हा आणखी वेगळी. २०११ च्या ऑक्टोबरात मुंबईतील एका खासगी रुग्णालयात केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली आणि तिच्या सहकारी मुली रस्त्यावर आल्या. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यायची, बाँड लिहून घ्यायचा, नोकरी सोडायची तर पैसे भरा म्हणायचे, हा प्रकार तेव्हा जगापुढे आला. मुंबईतून ती ठिणगी दिल्ली, कोलकाता आणि मग केरळात गेली. त्याच वर्षी त्रिशूरला ‘युनायटेड नर्सेस असोसिएशन’ उभी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारच्या परिचारिकांइतका पगार द्यावा, पन्नासहून कमी खाटा असल्या तरी वीस हजारांखाली जाऊ नये, अशी शिफारस तिने केली. केरळात २०१७ च्या आंदोलनानंतर पुढच्या वर्षी किमान वेतनाची अधिसूचना निघाली. शिफारस मात्र शिफारसच असते. राज्याराज्यांत ती वेगवेगळ्या कपाटांत विसावते.

पगाराचा आणि संख्येचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये. पगार तुटपुंजा, त्यात चाळीस रुग्णांचा भार, मग मुलगी दोन वर्षे अनुभव घेते आणि आखातात किंवा इंग्लंडात जाते. मागे राहिलेल्यांवर भार वाढतो, मग त्याही जातात. ‘नर्स मिळतच नाहीत हो’ असे रुग्णालयाचे व्यवस्थापक म्हणतात ते अर्धेच खरे. शिकलेल्या पुष्कळ आहेत. त्या कामावर टिकत नाहीत.

सिस्टरने संप करावा का?

हा प्रश्न घराघरांत विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. खाटेवर पडलेला माणूस संपाची किंमत मोजतो. परिचारिकांच्या संघटनांनाही त्याची जाण आहे. व्हिक्टोरियातल्या परिचारिकांनी आपल्या आंदोलनांत ठरावीक खाटा बंद ठेवण्याचा मार्ग अवलंबिला: दाखल असलेल्यांची शुश्रूषा चालू, पण सांभाळता येणार नाहीत एवढे नवे रुग्ण घ्यायचे नाहीत. आपल्याकडेही अनेक आंदोलनांत काळ्या फिती, तासाभराचे काम बंद, मग अत्यावश्यक विभाग वगळून संप, अशी चढती भाजणी दिसते. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणी लक्ष देत नाही, हा दोष पायऱ्या चढणाऱ्यांचा कसा?

आणि संघटना म्हणजे नुसता संप नव्हे, याचे आपल्या मुंबईतले उदाहरण कोण विसरेल? केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या आवारातच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला तो अरुणासाठी आणि कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी म्हणून. पुढे महापालिकेने अरुणाला तेथून हलवण्याचा घाट घातला, तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. १८ मे २०१५ रोजी अरुणाने अखेरचा श्वास घेतला, तोवर ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, तिची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालपत्रात त्यांची प्रशंसा केली. ज्या हातांनी फलक धरले त्याच हातांनी तिला भरवले. सेवा आणि संघटना यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी केईएमचा तो वॉर्ड आठवावा.

दर १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आपल्याकडे परिचारिका दिन साजरा होतो. हातात दिवे घेतलेल्या मुली ओळीने उभ्या राहतात, शपथ घेतात, पाहुणे त्याग आणि करुणेवर बोलतात. या दिवेवाल्या बाई संख्याशास्त्राच्या जाणकार होत्या, हे मात्र भाषणात क्वचितच येते. क्रायमियाच्या युद्धात किती सैनिक गोळीने मेले आणि किती रुग्णालयाच्या घाणीने, याचे तक्ते आणि आकृत्या करून त्यांनी सरकारपुढे ठेवल्या. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या पहिल्या महिला सभासद त्याच. सरकार हलले ते त्या आकड्यांनी. आपण त्यांचा दिवा उचलला आणि खतावणी मागेच ठेवली.

मार्च २०२० मध्ये आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्यात खोटे काही नव्हते. तेव्हा ऊर भरून आला होता. पण थाळी वाजवल्याने भाजक बदलत नाही. त्यासाठी आकडा मागावा लागतो, आणि तो परिचारिकांनी मागितला की त्यांच्यावर स्वार्थाचा शिक्का बसतो. आपण मागितला तर? प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक फळा असावा. त्यावर रोज, प्रत्येक पाळीला खडूने दोन आकडे लिहिलेले असावेत: आज दाखल रुग्ण इतके, कामावर नोंदणीकृत परिचारिका इतक्या. यासाठी निविदा काढावी लागत नाही, समिती नेमावी लागत नाही. बँकेत व्याजाचे दर फळ्यावर लागतात, रेशनच्या दुकानात धान्याचा साठा फळ्यावर लागतो. मग ज्या आकड्यावर आपला जीव टांगलेला आहे तोच तेवढा गुप्त का असावा?

पुढच्या वेळी घरातल्या कोणाला दाखल करायची वेळ आली, ती लवकर न येवो, तर काउंटरवरच्या माणसाला खोलीचा दर विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: ‘रात्री या मजल्यावर सिस्टर किती असतात, आणि त्यांच्याकडे रुग्ण किती?’ तो गोंधळेल, आतल्या केबिनकडे बोट दाखवील. केबिनमध्येही विचारा. दहाजणांनी विचारले की आकडा तोंडपाठ होईल, शंभरजणांनी विचारले की तो फळ्यावर येईल. आणि दरवाजाबाहेर काळ्या फिती लावून उभ्या असलेल्या परिचारिका दिसल्या, तर त्यांना ओलांडून आत जाण्याआधी त्यांच्या फलकावरची मागणी एकदा वाचा. पगाराच्या ओळीखाली दुसरी ओळ बहुधा पदे भरण्याची असते. ती आपल्यासाठी लिहिलेली आहे.